अकरा आडव्या रेघा

कोर्टाच्या फाटकाबाहेर पत्र्याची एक शेड होती, शेडमध्ये सात टेबलं होती आणि पाचव्या टेबलावर ताई बसायची. प्रतिज्ञापत्र म्हणा, भाडेकरार म्हणा, नोटीस म्हणा, सांगाल ते टाइप करून द्यायची. एकोणीस वर्षं झाली होती. तेवढ्यात कोर्टात किती साहेब आले नि गेले, कितीतरी वकिलांच्या डोक्यावरचे केस गेले, पण पाचवं टेबल काही हललं नाही. तोंडावर सगळे तिला ताई म्हणत आणि पाठ वळली की रेघताई. तिला ते ठाऊक होतं आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

रेघताई का, तर तिच्या कागदावर रिकामी जागा म्हणून सापडायची नाही. पक्षकाराला जन्मतारीख आठवेना, मारली रेघ. जुना पत्ता लागू नाही, मारली रेघ. खाली अर्धं पान कोरं राहिलं की पट्टी घेऊन या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढायची आणि मगच कागद सहीला पुढे करायची. चष्मेवाले म्हातारे वकील तर म्हणायचे, "अहो, हिच्या घरी वाण्याच्या यादीखालीसुद्धा रेघ असते. नवऱ्याने मागाहून बिस्किटं घुसडू नयेत म्हणून!" सगळी शेड खो खो हसायची. ताईही हसायची. पण ही सवय काही तिला हसतखेळत लागली नव्हती.

ती नवी होती तेव्हाची गोष्ट. एक म्हातारी आली होती. कानाने कमी, बोलायला गोड, सहीच्या जागी अंगठा उठवणारी. भाच्याच्या नावावर एक खोली करून द्यायची होती, त्याचा कागद करायचा होता. वकिलांनी मजकूर सांगितला, ताईने टाइप केला. आता लिहायचं एक की वरची माळ्याची धरून दोन, यावर मावशी-भाच्याचं काही नक्की होईना. वकिलांना पुढच्या कामाची घाई. म्हणाले, "सोड गं जागा, नंतर भरू." ताईने बोटभर जागा सोडली. म्हातारीने अंगठा उठवला. भाच्याने घरी जाऊन त्या बोटभर जागेत 'तिन्ही' लिहिलं. घरात खोल्याच तीन होत्या.

प्रकरण कोर्टात उभं राहिलं त्या दिवशी ताई काम टाकून आत जाऊन बसली होती. ऐकता ऐकता तिला राहवेना. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, मी टाइप केला तेव्हा ती जागा कोरी होती." साहेबांच्या खालच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, "तुम्ही कोण? पक्षकार?" "नाही." "वकील?" "नाही." "साक्षीदारांच्या यादीत आहात?" "नाही." "मग बसा." ताई बसली. म्हातारी मागे वळून तिला विचारत होती, "काय म्हणाले गं? काय म्हणाले?" म्हातारी पुढे कुठे गेली, कुणाच्या दारात राहिली, ते तिला कधीच कळलं नाही.

त्या दिवसापासून ताईने कानाला खडा लावला. कोरी जागा सोडायची नाही म्हणजे नाही, मग वकील ओरडो की साहेब. आणि आणखी एक गोष्ट झाली, ती मात्र तिने कुणापाशी बोलून दाखवली नाही. तिला वकील व्हायचं होतं. कुणी 'मग बसा' म्हटलं तरी उभं राहता येईल, एवढंच हवं होतं तिला. दुसऱ्यांनी सांगितलेला मजकूर टाइप करता करता त्यातल्या चुका तिला आधी दिसायच्या. हलक्या आवाजात ती सुचवायची, "इथे तारीख चुकलीय बहुतेक," आणि वकील तोऱ्यात म्हणायचे, "हां हां, तेच सांगणार होतो."

पण इच्छा आणि सवड यांची गाठ पडायला वर्षं गेली. आधी बाहेरून परीक्षा देऊन पदवी. त्यात मध्येच सासूचं दुखणं, मग नवऱ्याचा भाजलेला हात. पदवी हाती आली तेव्हा ताईने चाळिशी ओलांडली होती. गावातल्या लॉ कॉलेजात संध्याकाळचे वर्ग असत. दिवसा काम, संध्याकाळी कॉलेज, असं तिने मनात पक्कं केलेलं. आणि नेमकी त्याच वर्षी कॉलेजच्या फळ्यावर नोटीस लागली की संध्याकाळचे वर्ग बंद होणार, यंदा घेतील ती तुकडी शेवटची. दिवसाच्या वर्गाला जायचं तर टेबल सोडावं लागलं असतं, आणि टेबल सोडून खायचं काय? म्हणजे जे काय व्हायचं ते याच प्रवेश परीक्षेत. पुन्हा दार उघडणार नव्हतं.

शेडमध्ये तिने सांगितलं ते असं, "बघते आपली परीक्षा देऊन. तेवढाच विरंगुळा." खोटारडी कुठली! विरंगुळ्यासाठी कुणी पहाटे चारला उठून चुलीवर दूध ठेवून तर्कशास्त्राची कोडी सोडवतं?

आता तयारी म्हणाल तर ती कशी केली, ते ऐकण्यासारखं आहे. नव्या गाइडांच्या किमती पाहूनच ती दुकानाच्या पायरीवरून परत फिरली. रद्दीवाल्याकडे गेली. तो म्हणाला, "ताई, कायद्याची पुस्तकं जड असतात. किलोवर परवडणार नाहीत, नगावर घ्या." तिने आठ वर्षांपूर्वीचं एक गाइड घेतलं. आधीच्या मालकाने त्यात सगळी उत्तरं पेन्सिलीने खुणावून ठेवली होती. ताईने तीन दिवस खोडरबर चालवून ती पुसली आणि पुसता पुसता लक्षात आलं की निम्मी चुकलेलीच आहेत. तिला भलताच हुरूप आला.

चालू घडामोडींसाठी न्हाव्याकडचं आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र. न्हावी भला माणूस. पेपर बाजूला काढून ठेवायचा, फक्त वस्तरा पुसायला म्हणून त्याच्या कडा फाडलेल्या असायच्या. त्यामुळे ताईला काही बातम्यांचा शेवट कधी कळलाच नाही.

आणि क्लास. फी तिच्या आवाक्याबाहेर होती. पण डोकं चालवण्यात ती काही कमी नव्हती. क्लासच्या सरांना जाऊन म्हणाली, "सर, तुमचे सराव संच कोण टाइप करतं? त्यात प्रत्येक पानावर चार चुका असतात." सर चमकले. ठरलं असं की ताईने संच फुकट टाइप करून द्यायचे आणि एक प्रत स्वतःला ठेवायची. तिने तीस संच टाइप केले. बिघडलेल्या प्रतिज्ञापत्रांच्या पाठकोऱ्या बाजूंवर तिची प्रत निघायची. एका बाजूला कुणाच्या तरी घटस्फोटाचा मजकूर आणि दुसऱ्या बाजूला प्रश्न क्रमांक सदतीस. उत्तरं ती वहीत लिहायची, एकाखाली एक.

संध्याकाळी नवरा प्रश्न विचारायचा. तो बेकरीत भट्टीवर होता. पहाटे जायचा, दुपारी परत यायचा, अंगाला कायम भाजलेल्या पिठाचा वास. माणूस सोन्यासारखा, पण एक खोड होती. जगात कुठेही काही बिघडलं तरी त्याला वाटायचं आपलंच चुकलं. शेजाऱ्याचं मांजर हरवलं, हा म्हणे, "मी फाटक लावून घ्यायला हवं होतं." आईचं दुखणं वाढलं तेव्हा डॉक्टरला आठवडाभर उशिरा बोलावलं म्हणून त्याने दोन वर्षं स्वतःला खाल्लं होतं. भल्याभल्या डॉक्टरांनी सांगून पाहिलं की तुमचा काही दोष नाही, पण छे!

परीक्षेला महिना राहिला तेव्हा क्लासने तीन सराव परीक्षा ठेवल्या. अगदी खऱ्यासारख्या, घड्याळ लावून, खरी असते तशी छापील उत्तरपत्रिका देऊन. त्याची फी वेगळी. त्यात टायपिंगची सवलत नव्हती, कारण उत्तरपत्रिका बाहेरून छापून यायच्या. नवरा म्हणाला, "दे तू. मी बूट पुढच्या महिन्यात घेईन." भट्टीसमोर उभं राहून त्याच्या बुटांचे तळवे वितळून पातळ झाले होते. ताई म्हणाली, "काहीतरीच तुमचं. प्रश्न माझ्यापाशी आहेतच. गोल काळे करायला शिकायचे पैसे मोजायचे? ते शाळेतली पोरंही करतात." तो दोनदा म्हणाला, तिसऱ्यांदा म्हणाला. तिने ऐकलं नाही. नवे बूट आले.

सरांनी तिला एकच गोष्ट बजावली होती. आठ वर्षांपूर्वीच्या गाइडात लिहिलं होतं की चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. ते आता बदललं होतं. सर म्हणाले, "चुकलं की पाव गुण जातो. येत नसेल ते सरळ सोडा. तुक्का मारायचा नाही." ताईला ते फार जड गेलं. सोडायचं म्हणजे कोरं सोडायचं. पण गणित तिला पटलं, आणि तिने मनाशी ठरवलं की सोडायचं.

परीक्षेचं केंद्र म्हणजे एक शाळा होती. बाक पोरांचे, ताईचे गुडघे त्यात मावेनात. शेजारी विशीतली मुलं, पाण्याच्या बाटल्या, दोन दोन पेनं. मागचा मुलगा म्हणाला, "मॅडम, सूचना कधी वाचून दाखवणार?" त्याला ती पर्यवेक्षक वाटली. ताई म्हणाली, "बाळा, मीही तुझ्यासारखीच आहे," आणि दोघंही हसली.

सूचना तिने वाचल्या. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. जन्मभर दुसऱ्यांचे मजकूर वाचून बोटांतून उतरवायची सवय. वाचते आणि सोडून देते, असं तिचं होऊन बसलं होतं. प्रश्न मात्र तिने मन लावून सोडवले. आणि काय सांगू, असे भराभर सुटत गेले की तिचा तिलाच विश्वास बसेना. करारावरचा उतारा आला, तो तर तिच्या रोजच्या कामातला. एका प्रश्नात चुकीची तारीख शोधायची होती. ती तिला वाचताक्षणी दिसली. एकशे वीसपैकी एकशे नऊ प्रश्नांचे गोल तिने काळे केले. अकरा येत नव्हते. ते तिने सोडले, सरांनी सांगितलं होतं तसे.

दहा मिनिटं उरली. ताईने उत्तरपत्रिका वरून खाली तपासली, रोज सहीआधी कागद तपासते तशी. अकरा रांगा कोऱ्या दिसल्या. चार चार गोल, रिकामे. कुणीही, कुठेही, मागाहून पेन उचलून भरू शकेल असे. तिचा हात आपोआप पट्टीकडे गेला. तिने अकराही रांगांवर, पहिल्या गोलापासून चौथ्यापर्यंत, सरळ आडव्या रेघा मारल्या. सुबक, समांतर. मग पेनाचं टोपण लावलं. एकोणीस वर्षांत इतकं नीट काम केल्याचं तिला आठवत नव्हतं. बाहेर आली तेव्हा ती इतकी खुशीत होती की नवऱ्याने विचारलं, "कसा गेला?" तर नजर लागेल म्हणून ती फक्त म्हणाली, "बरा गेला. बघू."

निकाल सातव्या टेबलावरच्या पोऱ्याच्या, म्हणजे तिशीतल्या टायपिस्टच्या, मोबाइलवर पाहिला. तिच्या क्रमांकापुढे गुण नव्हते. एकच शब्द होता, 'बाद'. पोऱ्या म्हणाला, "ताई, साइट गंडली असेल." ताईलाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी ती टेबल बंद ठेवून परीक्षेच्या कार्यालयात गेली. सोबत स्वतः टाइप केलेला अर्ज, तीन प्रती. एवढा चांगला अर्ज तिने कुठल्या वकिलासाठीही केला नसेल.

खिडकीपलीकडे एक वयस्क कारकून बाई होत्या. त्यांनी अर्ज वाचला, वर पाहिलं, पुन्हा वाचला. मग आत जाऊन उत्तरपत्रिकेची छापील नक्कल घेऊन आल्या आणि ताईला आत बोलावून खुर्ची दिली. इतर कुणाला त्यांनी खुर्ची दिली नव्हती, तेव्हाच ताईच्या तोंडचं पाणी पळालं.

"या रेघा तुम्ही मारल्यात?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मशीनला या चालत नाहीत हो. एका रांगेत चारही गोल भरलेत असं ते धरतं. आणि अकरा ठिकाणी तसं दिसलं की ओळख पटवायची खूण समजून अख्खी उत्तरपत्रिका बाद करतात. सूचना क्रमांक नऊ. सराव परीक्षेत पहिल्यांदा हेच सांगतात. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

ताईने नक्कल आपल्याकडे ओढून घेतली.

"पण मारल्यातच कशाला?"

"मागाहून कुणी भरू नये म्हणून."

"इथे कोण भरणार होतं, ताई?"

"भरतात," ताई म्हणाली. "भरतात हो."

बाईंना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी टेबलाचा खण उघडला, उत्तरांची यादी काढली, पेन्सिल घेतली आणि एकेक रांग मोजायला लागल्या. बाहेर खिडकीवर लोक खोळंबले होते, कुणीतरी काच ठोकत होतं. बाईंनी मान वर केली नाही. बरोबर किती, चूक किती, पाव पाव किती गेले, सगळं त्यांनी दोनदा मोजलं. मग हलकेच म्हणाल्या, "एकशे चार."

"आणि यंदा प्रवेश कितीवर बंद झाला?"

"संध्याकाळच्या वर्गांना? सत्त्याण्णववर."

ताईने ते ऐकलं. तिने विचारलं, "अर्जाचा काही उपयोग?" बाई म्हणाल्या, "मी पुढे पाठवते. पण खोटी आशा कशाला लावू? मी आले तेव्हापासून बाद झालेली एकही उत्तरपत्रिका परत घेतलेली नाही." मग समजूत काढायला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी द्या ना. हसत हसत पास व्हाल."

"पुढच्या वर्षी वर्ग नाहीत," ताई म्हणाली आणि उठली. बाईंना तिने नमस्कार केला. त्यांनी निदान मोजलं तरी होतं.

घरी यायला चालत पाऊण तास लागतो, तिला दोन तास लागले. वाटेत ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि रडली. लाज सोडून, तोंडावर पदर घेऊन रडली. तिला म्हातारीचा राग आला, भाच्याचा आला, आठ वर्षं जुन्या गाइडाचा आला, मशीनचा आला. सगळ्यांत जास्त स्वतःच्या उजव्या हाताचा आला. नापास झाली असती तर पचवलं असतं तिने. पण ती पास होती. एकशे चार! हे आता कुणाला सांगायचं? शेडमध्ये सांगितलं तर रेघताईचा हा किस्सा तिच्या तेराव्यापर्यंत पुरला असता. आणि घरी?

घरी सांगायचं म्हणजे सराव परीक्षेचं सांगावं लागलं असतं. तिथे पहिल्यांदा हेच शिकवतात, हे सांगावं लागलं असतं. मग त्या माणसाने पायातले बूट काढून कोपऱ्यात ठेवले असते आणि पुन्हा कधी घातले नसते. 'मी चौथ्यांदा म्हणायला हवं होतं,' असं तो मरेपर्यंत म्हणत राहिला असता. ताई त्याला ओळखून होती. पायरीवरून उठताना तिने डोळे पुसले आणि काय बोलायचं ते मनात नीट जुळवून घेतलं.

नवरा दारातच उभा होता. भात टाकला होता त्याने, तोही करपू न देता.

"काय गं? लागला?"

"लागला."

"मग?"

"मार्क कमी पडले."

तो दाराच्या चौकटीला टेकला. "किती कमी?"

"बरेच."

मग तो म्हणालाच, "रविवारी मी दुपारचा झोपायचो. तेव्हा प्रश्न विचारायला हवे होते गं मी."

"तुमचा काही संबंध नाही," ताई म्हणाली. आवाज स्थिर ठेवायला तिला चप्पल काढायचं निमित्त पुरलं. "तुम्ही सगळं केलंत. डोकंच माझं कमी पडलं. प्रश्न कळायचेच नाहीत तिथे, काय करणार?"

त्याने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. ती खरं बोलते अशी त्याची खात्री होती. वीस वर्षांत तिने त्याला खोटं सांगितलं नव्हतं. हळूहळू त्याचे खांदे सैल झाले. तो आत आला, तिच्या शेजारी बसला, आणि मायेने तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागला.

"जाऊ दे गं. वाईट नको वाटून घेऊस," तो म्हणाला. "आपल्यासारख्यांना झेपणारं नसतंच ते. वकिली म्हणजे केवढं डोकं लागतं. तू तरी कुठून आणणार?"

"हो ना," ताई म्हणाली. "कुठून आणणार?"